अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष: छंद लावून घ्यायचाय, तर सुरुवात कुठून कराल?

आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत एक फ्रेम टांगलेली होती. अब्राहम लिंकनने आपल्या मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र, मराठी काव्यरूपात. तुमच्याही शाळेत असणार. सातवीत ते पाठ म्हणून मी वक्तृत्व स्पर्धेत दुसरा आलो आणि स्टीलचा डबा जिंकला. आईने त्या डब्यात पुढे वीस वर्षं जिरे ठेवले.

नोकरीसाठी मुंबईत, फोर्टमधल्या एका बँकेत आलो, तेव्हा न्यू मरीन लाइन्सला अमेरिकन सेंटरची लायब्ररी होती. शनिवारी हाफ-डे संपला की मी तिथे जाऊन बसायचो. एकदा वाटलं, त्या पत्राचं मूळ इंग्रजी उतरवून घ्यावं. लिंकनचं समग्र लेखन १९५३ साली आठ खंडांत छापलेलं आहे. ते काढून बसलो. सूची पाहिली, मग तारखांवरून पाहिलं, मग पानं उलटत गेलो. पत्र नाही. तिसऱ्या शनिवारी मान्य करावं लागलं की लिंकनने ते लिहिलेलंच नाही.

आठवडाभर फसवल्यासारखं वाटलं. पण ते पत्र शोधताना दुसरी शंभरेक पत्रं वाचून झाली होती, आणि ती खरी होती. तिथून हा छंद लागला. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. दर चार वर्षांनी तिकडे निवडणूक आली की कोणीतरी विचारतं, "काका, आम्हालाही हे समजून घ्यायचंय, पुस्तक सांगा." म्हणून हे लिहितोय. पुस्तकांची यादी मात्र देणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: एक माणूस धरा आणि त्याच्या कागदापर्यंत पोचा.

पायरी १: शब्द आणि आकडे एकदा नीट करून घ्या

आपले ते राष्ट्रपती आणि त्यांचे ते राष्ट्राध्यक्ष, हा फरक मराठीत छान सांभाळला गेलाय, तो तुम्हीही सांभाळा. आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तिकडे राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख, राष्ट्रप्रमुख आणि सेनापतीही. त्याचे मंत्री संसदेत बसत नाहीत. काँग्रेस हा तिथे पक्ष नसून संसद आहे. हसू नका, माझ्या एका हुशार मित्राने "लिंकन काँग्रेसमध्ये होता म्हणजे नेहरूंच्याच विचारांचा" असं मला गंभीरपणे सांगितलं होतं.

आता मोजणी. क्रमांक ४७ पर्यंत गेलाय, माणसं मात्र ४५. ग्रोव्हर क्लीव्हलँड १८८५ ते १८८९ आणि मग पुन्हा १८९३ ते १८९७ असा दोनदा बसला, म्हणून तो २२ वा आणि २४ वाही. ट्रम्प ४५ वे आणि ४७ वे.

४५ नावं पाठ करायला घेऊ नका. मी घेतली होती. फिलमोर, पीअर्स, ब्युकॅनन ही त्रिमूर्ती अजून माझ्या डोक्यात अदलाबदल करते.

पायरी २: पदाचे नियम अपघातांतून शिका

अमेरिकेची राज्यघटना लहानशी आहे. ती सरळ वाचायला घेतली तर झोप लागेल. त्यापेक्षा घात-अपघात वाचा. तिथला जवळजवळ प्रत्येक मोठा नियम काहीतरी विचका झाल्यानंतर आलेला आहे.

पहिला विचका १८०० चा. तेव्हा प्रत्येक निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेला प्रतिनिधी) दोन मतं द्यायचा, पण अध्यक्षाला कुठलं आणि उपाध्यक्षाला कुठलं हे वेगळं सांगायची सोयच नव्हती. जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर, दोघांना ७३-७३ मतं पडली. निर्णय संसदेच्या प्रतिनिधीगृहाकडे गेला आणि तिथे ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं, तेव्हा फेब्रुवारी १८०१ मध्ये जेफरसन निवडून आला. १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती यातून आली. त्याच वर्षी बरने आपला राजकीय वैरी हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धात गोळी घालून मारलं, तेही उपाध्यक्षपदावर असताना.

दुसरा १८४१ चा. विल्यम हेन्री हॅरिसनने शपथविधीला सुमारे ८,४०० शब्दांचं भाषण ठोकलं. आजवरचं सगळ्यांत लांब. एकतीस दिवसांनी तो गेला. थंडीत टोपी-कोटाशिवाय बोलला म्हणून न्यूमोनिया झाला, असं सांगतात. अलीकडे काही डॉक्टर व्हाइट हाउसच्या दूषित पाण्याकडे बोट दाखवतात. पण मुद्दा पुढे आहे. अध्यक्ष मेला तर उपाध्यक्ष खरोखरचा अध्यक्ष होतो की नुसता कारभार पाहतो, हे घटनेत स्पष्ट नव्हतं. जॉन टायलर म्हणाला, मीच अध्यक्ष. 'कार्यवाहक अध्यक्ष' असा पत्ता लिहिलेली पत्रं तो न फोडता परत पाठवायचा. त्याच्या हट्टाचा पायंडा पडला आणि तो कागदावर यायला १९६७ उजाडलं, पंचविसाव्या दुरुस्तीत.

याच दुरुस्तीमुळे पुढे जेराल्ड फोर्ड हा अजब प्रकार घडला. उपाध्यक्ष ॲग्न्यूने १९७३ मध्ये राजीनामा दिला, म्हणून फोर्डची उपाध्यक्षपदी नेमणूक झाली. १९७४ मध्ये निक्सनने राजीनामा दिला, म्हणून फोर्ड अध्यक्ष झाला. दोन्हीपैकी एकाही पदासाठी देशाने त्याला निवडून दिलेलं नव्हतं.

तिसरा अपघात म्हणजे मधला काळ. नोव्हेंबरात निवडणूक आणि शपथ थेट ४ मार्चला. घोड्यांच्या जमान्यात ते ठीक होतं. पण लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला आणि मार्चमध्ये खुर्चीत बसेपर्यंत सात राज्यं फुटून निघाली होती. जुना अध्यक्ष ब्युकॅनन बघत बसला. एवढं होऊनही तारीख बदलायला १९३३ ची विसावी दुरुस्ती यावी लागली. २० जानेवारीला पहिली शपथ झाली १९३७ मध्ये.

तारखेचा हा तपशील डोक्यात ठेवा, खोटी कागदपत्रं पकडायला उपयोगी पडतो. कोणी 'लिंकनने जानेवारी १८६१ मध्ये व्हाइट हाउसमधून लिहिलं' असं काही पाठवलं, तर जाग्यावर धरता येतं.

मुदतीचं सांगून ही पायरी संपवतो. वॉशिंग्टन दोन मुदतींनंतर घरी गेला, ही प्रथा झाली. फ्रँकलिन रूझवेल्टने ती मोडली. १९३२, ३६, ४०, ४४ अशा चार निवडणुका जिंकल्या आणि १२ एप्रिल १९४५ ला पदावर असतानाच गेला. त्यानंतर १९५१ मध्ये दोनच निवडणुकांची मर्यादा घटनेत आली.

निर्वाचक मंडळाबद्दल तूर्त एवढं पुरे: एकूण मतं ५३८, जिंकायला २७०, आणि लोकांची मतं कमी पडूनही अध्यक्ष होता येतं. असं १८२४, १८७६, १८८८, २००० आणि २०१६ मध्ये झालं. यातलं १८७६ चं प्रकरण, १८५ विरुद्ध १८४, वेगळा लेख मागतं.

पायरी ३: एक माणूस निवडा, आणि तो लिंकन नको

लिंकनवर इतकं लिहिलं गेलंय की नवशिका त्यात बुडतो. केनेडीचंही तेच, तिथे तर निम्मा वेळ गोळी कुठून आली यातच जातो. मधला कोणीतरी घ्या. कसा निवडायचा? आपल्याकडून एखादा धागा निघत असेल तर तो पकडा. घरचं एक टोक हातात असलं की माणूस चटकन परका वाटत नाही.

माझा धागा असा लागला. महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ सालचं. त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना उद्देशून आहे: गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल कौतुक म्हणून, आणि माझे देशबांधव तो कित्ता गिरवोत या इच्छेने. ही अर्पणपत्रिका मी कॉलेजात वाचली होती. पण त्या वर्षी तिकडे अध्यक्ष कोण, असा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. तर तो होता युलिसिस ग्रँट. लिंकनच्या सैन्याला यादवी युद्ध जिंकून देणारा सेनापती. १८६९ ते १८७७ अध्यक्ष.

मग ग्रँट वाचायला घेतला. त्याच्याच कारकिर्दीत, १८७० मध्ये, वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही अशी पंधरावी दुरुस्ती मंजूर झाली. काळ्यांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेच्या दहशतीविरुद्ध त्याने केंद्राचं सैन्य वापरलं. हाच ग्रँट पूर्वी एका गुलामाचा मालक होता आणि १८५९ मध्ये, हातात पैशांची चणचण असताना, त्याला विकण्याऐवजी मुक्त करून मोकळा झाला. आणि याच ग्रँटच्या भोवतालचे लोक दारूच्या करातले पैसे खात होते. माणूस सरळ, संगत वाईट. आपल्याला हे नमुने नवे नाहीत.

पद सुटल्यावर तो बायकोला घेऊन जगप्रवासाला निघाला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरला. मलबार पॉइंटच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याचा मुक्काम होता. हे वाचून मी उड्याच मारल्या. 'म्हणजे आपला ग्रँट रोड याच्याच नावाचा!' असं दोन-चार जणांना सांगूनही टाकलं. साफ चूक. तो ग्रँट म्हणजे सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मधला मुंबईचा गव्हर्नर. मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्याकडे जाऊन दुरुस्ती करून आलो.

दुसरा धागा विक्रोळीचा. जिमी कार्टरची आई लिलियन वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारच्या सेवायोजनेची स्वयंसेवक होऊन १९६६ मध्ये भारतात आली आणि विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत, दवाखान्यात नर्सचं काम करत राहिली. तिचा मुलगा त्याच वर्षी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळवायला निघाला होता आणि हरला. पुढे १९७७ मध्ये तो अध्यक्ष झाला. कार्टर निवडायचा असेल तर आईच्या घरी पाठवलेल्या पत्रांपासून सुरुवात करा. पुस्तकरूपात आहेत, आणि ती बाई लेकापेक्षा मजेदार लिहिते.

तिसरा धागा वुड्रो विल्सन. मार्च १९१३ मध्ये तो अध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. विल्सन स्वतः प्राध्यापक, डॉक्टरेट मिळवलेला, प्रिन्स्टन विद्यापीठाचा प्रमुख राहिलेला. आणि त्याच वर्षी त्याच्या मंत्र्यांनी सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवायला सुरुवात केली. बाबासाहेब ज्या अमेरिकेत उतरले ती ही.

यातला कोणीच भावला नाही, तर गारफिल्ड घ्या. नवशिक्याला उत्तम, कारण कारकीर्द अवघी साडेसहा महिन्यांची. २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनावर, पॅरिसमधलं कॉन्सलचं पद न मिळाल्याने चिडलेल्या एका माथेफिरूने त्याला गोळी घातली. गोळीने तो कदाचित वाचलाही असता. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं जखमेत घालून घालून गोळी शोधली. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आला, पण पलंगाला लोखंडी स्प्रिंगा, आणि डॉक्टर शोधू देणार ती चुकीच्याच बाजूला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेला. वशिल्याने सरकारी नोकऱ्या वाटण्याला लगाम घालणारा कायदा १८८३ मध्ये झाला, तो याच मृत्यूमुळे.

पायरी ४: कागदापर्यंत पोचा

पूर्वी यासाठी लायब्ररीचं कार्ड लागायचं, आता फोन पुरतो. सगळं फुकट आहे आणि बहुतेकांना ठाऊक नाही.

वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन यांच्यासाठी 'फाउंडर्स ऑनलाइन'. पत्रं स्वच्छ टाइप करून, तळटीपांसह. वॉशिंग्टनपासून कूलिजपर्यंत २३ अध्यक्षांचे मूळ कागद 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'कडे आहेत, स्कॅन करून ठेवलेले. हूव्हरपासून पुढे प्रत्येकाची स्वतंत्र अध्यक्षीय लायब्ररी असते. भाषणं, आदेश, पत्रकार परिषदा हव्या असतील तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेचा 'अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट'. परराष्ट्र व्यवहाराचे कागद त्यांचं परराष्ट्र खातं १८६१ पासून खंड काढून छापत आलंय. १९७१ च्या बांगलादेश युद्धाचाही खंड त्यात आहे, तो भारतीयाने वाचलाच पाहिजे. रक्तदाबाची गोळी घेऊन वाचा.

पहिल्याच दिवशी हस्तलिखिताच्या स्कॅनवर झडप घालू नका. आधी टाइप केलेलं वाचा, मग तेच पत्र मूळ अक्षरात उघडा. आठवडाभरात डोळा बसतो. अठराव्या शतकात शब्दाच्या मधला 'एस' हा 'एफ'सारखा काढायचे, त्याने सुरुवातीला फजिती होते. ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना हे फारच सोपं जाईल.

तारखांकडे लक्ष द्या. वॉशिंग्टनचा जन्म जुन्या कॅलेंडरने ११ फेब्रुवारी १७३१ चा आणि वाढदिवस मात्र २२ फेब्रुवारीला धरतात. १७५२ मध्ये ब्रिटिश राज्यात कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गळले आणि नवं वर्ष मार्चऐवजी जानेवारीत सुरू व्हायला लागलं. म्हणून २२ फेब्रुवारी १७३२. शिवजयंतीचा तारीख-तिथीचा वाद ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजवावं लागत नाही.

एक वही करा. डाव्या पानावर कागदात काय आहे ते, उजव्या पानावर आपल्याला काय वाटलं ते. ही दोन पानं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. बँकेतल्या लेजरची सवय म्हणा. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या वह्या आज उघडल्या तर डावं पान अजून उपयोगी पडतं आणि उजवं वाचून हसू येतं.

पायरी ५: ऐकायलाही शिका

फ्रँकलिन रूझवेल्टपासून निक्सनपर्यंत सहा अध्यक्षांनी कमी-जास्त प्रमाणात आपल्या बैठका किंवा फोन गुपचूप टेप केले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 'मिलर सेंटर'ने यातलं पुष्कळ लिहून काढून मांडलंय. ऐकताना लिखाण समोर ठेवा. टेक्सासचा उच्चार पहिल्या दिवशी कानाला लागत नाही.

सुरुवात लिंडन जॉन्सनच्या पँटीपासून करा. ऑगस्ट १९६४ मध्ये या गृहस्थाने हॅगर या कपड्यांच्या कंपनीत स्वतः फोन लावून पँटी मागवल्या. खिसे खोल हवेत, कंबर ढिली हवी आणि दोन पायांमध्ये कुठे किती जागा सोडायची, हे शिंप्याला सांगावं तसं, आडपडदा न ठेवता. मध्येच ढेकरही देतो. त्याच उन्हाळ्यात त्याने नागरी हक्क कायद्यावर सही केली होती आणि व्हिएतनामचं प्रकरण पेटत होतं.

मग निक्सन. फेब्रुवारी १९७१ ते जुलै १९७३ पर्यंत आवाज आला की आपोआप सुरू होणारी यंत्रणा त्याने बसवली होती. सुमारे ३,७०० तासांच्या टेपा. त्यात २० जून १९७२ च्या टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसलेली. वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घरफोडीवर पांघरूण घातल्याच्या प्रकरणात, जुलै १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने टेपा द्यायला लावल्या, आणि ९ ऑगस्टला राजीनामा अमलात आला. माणसाने स्वतःविरुद्ध इतका पुरावा इतक्या मेहनतीने जमवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिरा गांधी त्याला भेटून आल्या, त्या भेटीबद्दल तो आणि त्याचा सल्लागार किसिंजर आपसांत जे बोलले तेही यात आहे. भाषा गटाराची आहे.

पायरी ६: चाळण

व्हॉट्सॲपवर लिंकन-केनेडी साम्याचा फॉरवर्ड तुम्हाला आला असेलच. नवशिक्याने पहिला सराव त्याच्यावर करावा. एकेक ओळ घ्या आणि तपासा. दोघे १८६० आणि १९६० मध्ये निवडून आले: खरं. दोघांनंतर जॉन्सन नावाचाच अध्यक्ष, एक १८०८ चा आणि एक १९०८ चा: हेही खरं. दोघांचे मारेकरी १८३९ आणि १९३९ चे: चूक, लिंकनला मारणाऱ्या बूथचा जन्म १८३८ चा. लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी: थाप. त्याचे सेक्रेटरी 'जॉन निकोले' आणि 'जॉन हे', दोघेही जॉन. असं करत गेलात की लक्षात येतं, खऱ्या दोन ओळींच्या आधाराने खोट्या चार चालून जातात.

वॉशिंग्टनचं चेरीचं झाड हे त्याच्या मृत्यूनंतर एका धर्मोपदेशकाने चरित्रात घुसवलेलं. लाकडी दातही खोटे. कवळी होती, पण हस्तिदंताची, शिशाची, आणि माणसांच्या दातांचीही.

आता त्या फ्रेमकडे येतो. हेडमास्तरांचं पत्र खोटं, पण त्याच खंडांत मला २२ जुलै १८६० चं एक पत्र सापडलं. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. त्याच्या मुलाचा, रॉबर्टचा, एक मित्र होता, जॉर्ज लॅथम. हा मुलगा हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. रॉबर्टच्या पत्रातून ते कळताच लिंकनने त्याला लिहिलं. ऐकून फार वाईट वाटलं, पण तू खचला नाहीस तर यात काही मोठं नाही. प्रयत्न केलाच आहेस तर आता तडीस न्यायलाच हवा. 'हवाच' हा शब्द त्याने मुद्दाम पुन्हा उच्चारून ठासलाय. तुला मदत कशी करावी कळत नाही, वयाने मोठ्या आणि बरंच सोसलेल्या माणसाचा भरवसा तेवढा देऊ शकतो, असंही म्हणतो. गंमत म्हणजे खुद्द रॉबर्ट आदल्या वर्षी त्याच परीक्षेत आपटला होता.

यात त्या फ्रेममधल्यासारखे भ्रमर नाहीत, उपदेशाची यादी नाही. भर प्रचाराच्या धामधुमीत दुसऱ्याच्या नापास पोराला लिहिलेलं एक पानभर पत्र. मला विचाराल तर शाळेत हे लावायला हवं होतं.

पायरी ७: देव्हाऱ्यात बसवू नका

बारा अध्यक्ष आयुष्यात कधी ना कधी गुलामांचे मालक होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. वॉशिंग्टन वारला त्या १७९९ मध्ये माउंट व्हर्नन या त्याच्या शेतावर ३१७ गुलाम राहत होते. त्यातले त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३ मृत्युपत्राने मुक्त झाले.

वाक्य म्हणून हे आपण वाचतो आणि पुढे जातो. कागद मात्र अंगावर येतो. राजधानी फिलाडेल्फियाला असताना पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम तिथे सहा महिने राहिला तर मोकळं होण्याचा हक्क मागू शकतो. एप्रिल १७९१ मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टनने आपल्या सेक्रेटरीला लिहिलं, मुदत भरायच्या आत गुलामांना काही निमित्ताने राज्याबाहेर पाठवत जा. निमित्त असं असू दे की त्यांनाही आणि लोकांनाही कळू नये. 'फाउंडर्स ऑनलाइन'वर हे पत्र आहे. घरातली ओना जज नावाची तरुणी १७९६ मध्ये, मालक-मालकीण जेवायला बसलेले असताना, निघून गेली. वॉशिंग्टनने माणसं पाठवली. ती परतली नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये १८४८ मध्ये वारली, कायद्याच्या लेखी अजून पळालेली गुलाम.

हे वाचल्यावर दोन गोष्टी होतात. काही जण म्हणतात, मग सगळेच नालायक. काही म्हणतात, तो काळच तसा होता. पण काळ तसाच असता तर लपवायला निमित्त कशाला लागलं असतं? तीच चिठ्ठी सांगते की हे चूक आहे याची जाणीव त्यालाही होती. हाच माणूस दोन मुदतींनंतर सत्ता सोडून शेतावर परतला, तेही खरंच. दोन्ही डाव्या पानावर लिहायचं.

पायरी ८: पोरांकडे जाल तेव्हा

आपल्यातले कितीतरी जण मुलांकडे सहा-सहा महिने जाऊन राहतात आणि मॉल बघून कंटाळतात. न्यू जर्सीत असाल तर कॉल्डवेलला क्लीव्हलँडचं जन्मघर आहे आणि प्रिन्स्टनच्या दफनभूमीत त्याची कबर. न्यूयॉर्कहून पोकीप्सीपर्यंत हडसनच्या काठाकाठाने रेल्वे जाते. तिथून हाइड पार्क जवळ, रूझवेल्टचं घर आणि १९४१ मध्ये उघडलेली पहिली अध्यक्षीय लायब्ररी. टेक्सासात तीन लायब्रऱ्या: ऑस्टिनला जॉन्सन, कॉलेज स्टेशनला थोरला बुश, डॅलसला धाकटा. शिकागोहून स्प्रिंगफील्ड एका दिवसात जमतं, पण रात्रीचा मुक्काम ठेवा. लिंकनचं घर आणि समाधी दोन्ही घाईत बघू नयेत. व्हर्जिनियात जेफरसनची कबर आहे. तिच्यावर काय कोरायचं ते त्यानेच लिहून ठेवलं होतं: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक, व्हर्जिनियाच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याचा लेखक, व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक. अध्यक्षपदाचा उल्लेखही नाही.

जाण्याआधी त्या माणसाची निदान दहा पत्रं वाचून जा, नाहीतर जुनं फर्निचर बघून परत याल. गुडघे दुखत असतील तर तिकिटाच्या खिडकीवर व्हीलचेअरचं विचारा. आम्ही हिच्यासाठी विचारली होती आणि मिळाली.

आणि मॅनहॅटनमध्ये १२३ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू चुकवू नका. गारफिल्ड गेल्याची तार आली तेव्हा उपाध्यक्ष चेस्टर आर्थर या घरात होता. २० सप्टेंबर १८८१ ला पहाटे दोनच्या सुमारास, इथेच, त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली. आज त्या इमारतीत कलुस्त्यान नावाचं दुकान आहे, आपल्याकडच्या मसाल्यांसाठी प्रसिद्ध. मी गेलो तेव्हा शपथ नेमकी कुठल्या खोलीत झाली असेल याचा अंदाज घेत वर बघत उभा होतो. हिने तेवढ्यात हिंग, तूरडाळ आणि पावशेर जिरे घेतले.